सोमकुवरांची गाडी तेल पिते

“रिंगा तू नव्या टाकल्याच नाही, गोविंदा! जुन्याच घासूनपुसून बसवल्या अन् मले येड्यात काढलं!”

धम्मानंद सोमकुवरांचा आवाज मुळात मोठा. उभी हयात खापरखेड्याच्या वीज केंद्रात कोळसा दळणाऱ्या मिलच्या गडगडाटात बोलण्यात गेली, त्यामुळे साधं ‘पाणी दे’ म्हटलं तरी शेजारच्या घरातलं माणूस दचकायचं. आज तर ते भांडायलाच आले होते. मनीषनगरच्या रस्त्यावरचं गोविंदाचं पत्र्याचं गॅरेज नुसतं दणाणून गेलं. बाकावर बसलेल्या शोभाताईंनी हातातला मोबाइल पर्समध्ये ठेवला. त्या स्वतःची गाडी न्यायला आल्या होत्या, पण आता त्यांना काही घाई नव्हती.

गोविंदा हात पुसत पुढे आला. “आवाज खाली, भाऊ. गिऱ्हाईक बसून आहे.”

“बसू दे ना! त्याहिले बी समजू दे. वर्ष नाही झालं इंजिनाचं बोअरिंग करून, अन् गाडी पुन्हा तेल पिऊन राहिली! मागून निळा धूर! याले काम म्हणतात?”

गोविंदाने बॉनेट उघडलं. तेल मोजायची पट्टी, म्हणजे ती डिपस्टिक, बाहेर ओढली, पुसली, परत घातली, परत काढली आणि धम्मानंदांच्या डोळ्यांसमोर धरली. “हे पाहा. तेल तं खुणेच्या वर चाललं. उलट जास्तच आहे. कमी टाकत जा.”

“आहेच ना मंग! सकाळी मीच टाकलं. रोज टाकतो म्हणून आहे! नाही टाकलं तं इंजिन कोरडं पडते, हेच तं सांगून राहिलो मी तुले!”

“पण इतलं काहून टाकता?”

झालं. हा प्रश्न गोविंदाने विचारायला नको होता. तेल किती टाकायचं हे धम्मानंद सोमकुवरांना विचारणं म्हणजे त्यांच्या अख्ख्या नोकरीवर पाय देणं होतं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. “तू मले तेल शिकवतं का? तू? अरे, तू कार्ट्यासारखा चाक फिरवत होता तेव्हापासून मी बेअरिंगचं तेल पाहतो! चोर आहेस तू. चोर!”

गोविंदाने पट्टी जागेवर घातली, बॉनेट आपटलं आणि रस्त्याकडे बोट केलं. “गाडी उचला अन् चालते व्हा इथून.”

आता हे खरं, की गाडी पूर्वी तेल प्यायची. जुनी गाडी, चौकोनी तोंडाची, साखरेच्या पोत्यासारखा मळकट पांढरा रंग. इंजिनातल्या पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या. सुरू केली की निळ्या धुराने गल्ली भरायची आणि समोरच्या घरातल्या बाई खिडक्या लावून घ्यायच्या. डिकीत तेलाचा डबा कायम. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला की धम्मानंद रस्त्याच्या कडेला थांबायचे, डबा काढायचे आणि ओतायचे, त्यात काही शास्त्र नव्हतं. गोविंदानेच शेवटी म्हटलं की असं किती दिवस चालणार, एकदाचं इंजिन खोलू. त्याने खोललं, बोअरिंग केलं, नव्या रिंगा टाकल्या, आणि गाडी नव्यासारखी झाली. धम्मानंदांनी तेव्हा घरून पेढे नेऊन दिले होते.

पण माणूस एकदा तेलवाला झाला की गप्प बसत नाही. गाडी सुधारल्यावर त्यांनी ठरवलं, आता या इंजिनावर आपली नजर राहील. नोकरीत त्यांचं कामच ते होतं. मिलच्या बेअरिंगला तेलाची एक काच असते. त्या काचेत तेल कुठवर आहे ते प्रत्येक पाळीत पाहायचं, आणि पाहायचं ते मिल चालू असताना. बंद मिलमध्ये पाइपातलं सगळं तेल टाकीत परत उतरतं आणि काच भरलेली दिसते. ‘बंद मशीनचं तेल खोटं बोलते,’ असं ते नव्या पोरांना दटावून सांगायचे, आणि त्यांच्या पाळीत एकही बेअरिंग कधी कोरडं गेलं नाही. साहेब लोकसुद्धा म्हणायचे, सोमकुवर ड्यूटीवर असला की तेलाची काळजी नाही.

तर निवृत्तीनंतर तीच शिस्त गाडीला लागली. रोज सकाळी धम्मानंद गाडी सुरू करायचे, इंजिन गुरगुरू द्यायचे, बॉनेट उघडून चालू इंजिनातून पट्टी ओढायचे. तेल पार खाली. मग ओतायचं. दुसऱ्या दिवशी परत खाली. परत ओतायचं. थोड्याच दिवसांत धूर परतला, प्लग काळे पडले, गाडी चढावर कुंथू लागली. दोष कोणाचा हे ठरवायला त्यांना जराही वेळ लागला नाही.

आणि एकदा ठरवल्यावर ते स्वतःजवळ ठेवणारे धम्मानंद नव्हते. सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींना त्यांनी सांगितलं. सोसायटीच्या गेटवर सांगितलं. रविवारी विहारात वंदना झाल्यावर, सतरंज्या गुंडाळता गुंडाळता सांगितलं. लोक काय, जवळ सरकून ऐकत. कोणाच्या तरी गाडीचा क्लच लवकर गेला होता, कोणाचा हॉर्न वाजत नव्हता. सगळ्यांना एकदम आठवलं की आपणही गोविंदाकडेच जातो. ज्याने त्याने आपापली शंका त्यात घातली आणि गोष्ट आपसूक पसरू लागली.

घरात मात्र मीराबाई ऐकून घेणाऱ्या नव्हत्या.

“तुमाले पुरावा काय आहे?” भाजी चिरता चिरता त्यांनी विचारलं.

“धूर पुरावा नाही का वं? डोळ्याले दिसते ना!”

“धूर दिसते. चोरी दिसते का?” त्यांनी विळी बाजूला केली. “खापरखेड्याच्या कॉलनीत असताना एका शेजाऱ्यानं तुमच्यावर तेलाचा डबा नेल्याचा आळ घेतला होता. आठवते? दोन दिवस अन्नाले शिवले नव्हते तुम्ही. अन् आता तोच शब्द दुसऱ्याच्या अंगावर फेकून राहिले.”

“थो वेगळा मामला होता!”

“हाव, वेगळा. तेव्हा डबा तुमच्या नावावर होता.”

धम्मानंद उठून बाहेर गेले. बायकोचं म्हणणं चुकीचं असतं तर ते बसून भांडले असते.

पौर्णिमा जवळ आली होती तेव्हा एका सकाळी गोविंदा दारात उभा राहिला. चपला काढल्या नाहीत, आत आला नाही. मीराबाईंनी पाणी आणलं तर “नको वहिनी” म्हणाला, आणि तेवढ्या दोन शब्दांवरून मीराबाईंना कळलं की प्रकरण कुठवर गेलं आहे. याच माणसाने या घरात आंबील मागून मागून प्यायली होती.

“माहं नाव घेऊन विहारात बोलले तुम्ही?” त्याने विचारलं.

“बोललो. खरं थे बोललो.”

“शोभाताईनं गाडी दुसरीकडे नेली. डॉक्टरसाहेबानं नेली. काल एक जण माह्या तोंडावर म्हणते, काम करताना समोर उभा राहीन, तुह्या भरवशावर सोडत नाही.” गोविंदाचा आवाज चढला नाही, पण गळ्याची शीर फुगली होती. “माह्या बापानं शेतात घाम गाळला, मी इथं तेलात हात काळे केले. चोर नाही म्हटलं आमाले कोणी आजवर. आता सोक्षमोक्ष करू. जुनं तेल काढतो, सीलबंद डबा तुमच्या समोर फोडतो, इंजिनाले जितलं लागते तितलंच त्यात राहते, पुरं ओततो. मंग बॉनेट बंद. पौर्णिमेपर्यंत कोणीच हात लावायचा नाही. मी नाही, तुम्ही नाही. गाडी रोज चालली पाहिजे. पौर्णिमेच्या सकाळी उघडू. तेल कमी निघालं तं शेडवरचा बोर्ड मी माह्या हातानं काढतो.”

“अन् नाही निघालं तं?”

“तं तुम्ही तुमच्या तोंडाचं पाहा.”

धम्मानंदांना ही भाषा कळत होती. वीज केंद्रात मशीनवर काम असलं की ज्याचं काम तो लाल टॅग बांधायचा, आणि तो टॅग ज्याने बांधला त्यानेच सोडायचा. मोठा साहेब आला तरी हात लावायचा नाही. त्यांनी मिठाईच्या लाल खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर ‘हात लावू नये. सोमकुवर’ असं लिहिलं आणि नवं तेल ओतून झाल्यावर बॉनेट तारेने आवळून तो टॅग लटकवला. गाडी रोज चालवायची जबाबदारी मुलीवर आली. दीक्षा कॉलेजात शिकवायची. टॅग लावलेली गाडी घेऊन कॉलेजात जायला तिला लाज वाटत होती.

“बाबा, लोक विचारून राहिले, गाडी जप्त झाली का म्हणून.”

“सांग, तपास चालू आहे.”

“कोणाचा?” दीक्षाने विचारलं. धम्मानंदांनी चावी तिच्या हातात ठेवली.

रोज सकाळी ती गाडी काढायची तेव्हा ते मागे उभे राहून धूर शोधायचे. धूर नव्हता. दुसऱ्या दिवशी नव्हता, नंतरही नव्हता. खरं तर त्यांना बरं वाटायला हवं होतं, पण त्यांचा संताप वाढत गेला. “नवं तेल आहे म्हणून,” ते म्हणायचे. संध्याकाळी गाडी आली की बॉनेटवर हात ठेवून उभे राहायचे. आत तेल संपत चाललं आहे, इंजिन कोरडं पडतं आहे, आणि आपण आपल्याच टॅगने बांधले गेलो आहोत, या विचाराने त्यांना झोप लागेना. पण टॅगला त्यांनी हात लावला नाही. तेवढी इज्जत त्यांच्या रागाला होती.

पौर्णिमेच्या सकाळी पांढरा सदरा घालून, दीक्षाला घेऊन ते गॅरेजवर गेले. शोभाताईंना त्यांनी मुद्दाम साक्षीला बोलावलं होतं; त्या येईपर्यंत गाडी शेडसमोर बंद उभी राहिली. मग धम्मानंदांनी स्वतः तार कापली, टॅग सोडला.

गोविंदाने पट्टी काढली, पुसली, घातली, काढली. तेल बरोबर वरच्या खुणेला होतं.

“बरोबर तं आहे,” शोभाताई म्हणाल्या. त्यांचा जरा हिरमोड झालेला दिसत होता.

“असं नाही पाहत!” धम्मानंद गरजले. याच क्षणाची तर ते वाट पाहत होते. “बंद गाडीत कोणी तेल पाहते का? सारं तेल खाली उतरून राहते, खोटं दिसते! दीक्षा, चालू कर गाडी!”

दीक्षाने चावी फिरवली. इंजिन गुरगुरलं. धम्मानंद पुढे झाले, सरावाच्या हाताने पट्टी ओढली, पुसली, बुडवली, काढली. तेल फक्त टोकाला लागलं होतं. त्यांनी पट्टी तलवारीसारखी वर धरली. “हे पाहा! आता बोला! हे पाहा!”

गोविंदा पट्टीकडे पाहतच नव्हता. तो धम्मानंदांकडे पाहत होता.

“तुम्ही रोज असंच पाहत होते?”

“मंग कसं पाहतात?”

“बंद करा, दीक्षाबाई,” गोविंदा म्हणाला. मग त्याने समोरच्या टपरीला चहा सांगितला. कोणालाच काही कळेना. चहा आला. गोविंदाने एक ग्लास धम्मानंदांच्या हातात दिला, दुसरा स्वतः घेतला आणि शांतपणे, चवीने, शेवटचा घोट होईपर्यंत प्यायला. मग म्हणाला, “आता काढा. तुम्हीच काढा.”

धम्मानंदांनी पट्टी काढली. तेल वरच्या खुणेला होतं.

“चालू गाडीत तेल इंजिनभर वर चढलेलं राहते,” गोविंदा म्हणाला, आणि आता त्याचा आवाज चढू लागला. “खाली पट्टीले कमीच लागणार. थे खूण बंद गाडीसाठी केलेली आहे, भाऊ! तुम्ही थे कमी समजून रोज ओतलं. इंजिनात तेल गळ्यापर्यंत झालं, थे जळलं, त्याचा धूर झाला. अन् चोर मी झालो!”

धम्मानंदांना समजवायची गरज नव्हती. तेल चढतं, तेल उतरतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? मिलच्या काचेवरची खूण चालत्या मशीनसाठी होती. इथली खूण कशासाठी आहे, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. कोणाला विचारायचं? आपल्याला येतं ते विचारायचं कशाला? आयुष्यभर ज्या एका गोष्टीत त्यांना कोणी बोट दाखवू शकलं नाही, त्याच गोष्टीने त्यांना चौघांत उघडं पाडलं होतं. त्यांना गोविंदाचा राग आला, पट्टीचा आला, चहा इतका वेळ लावून प्यायल्याचा आला. आणि मग राग ठेवायला दुसरी जागाच उरली नाही, तेव्हा तो त्यांच्या स्वतःवरच येऊन बसला.

“चुकलं माहं,” ते पुटपुटले.

“चोर मोठ्यानं म्हटलं होतं,” गोविंदा म्हणाला.

“जाऊ दे ना गा, मोठे आहेत,” शोभाताई मध्ये पडल्या.

“तुम्ही नका बोलू, ताई. तुम्ही तं सगळ्याच्या आधी गाडी नेली.” गोविंदाने पट्टी धम्मानंदांच्या हातातून घेतली. “मले नका सांगू, भाऊ. जिथं जिथं सांगितलं, तिथं जाऊन सांगा.”

त्याच दिवशी विहारात वंदना झाल्यावर धम्मानंद उभे राहिले. खीर वाटायला सुरुवात झाली होती. त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं: गाडी, धूर, पट्टी, आपली चूक. गोविंदाला चोर म्हटलं तेव्हा हीच माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. आता कोणी द्रोण शोधत होतं, कोणी चपला. एकाने तोंडातली खीर गिळत म्हटलं, “हाव का? पण काही तं असनच ना, भाऊ. आग नसताना तुम्ही इतके बोलान का?”

“मी बोललो थेच खोटं होतं, असं सांगून राहिलो ना!”

“हाव, हाव. मोठ्या मनाचा माणूस आहे तुम्ही,” तो म्हणाला आणि खिरीकडे वळला.

सकाळच्या फिरणाऱ्यांनी सांगितलं, आम्ही तर केव्हाच दुसरा मेकॅनिक पाहिला, बरा आहे. डॉक्टरसाहेबांनी दारातूनच हात जोडले. शोभाताईंनी बसवलं, चहा दिला आणि म्हणाल्या, “गोविंदा चांगलाच आहे हो. पण आता नवीन गॅरेज घराजवळ पडते.” धम्मानंद चहा अर्धा टाकून उठले. त्यांना ओरडावंसं वाटत होतं. खोटं सांगितलं तर पदरात घेतलं तुम्ही, आणि खरं आणून दिलं तर दारातून परत पाठवता! पण ओरडणार कोणावर? ते खोटं घरोघरी नेऊन वाटलं होतं त्यांनीच.

दुसऱ्या दिवसापासून ते घरची प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन गॅरेजसमोर बसू लागले. मीराबाईंनी कारण विचारलं नाही, डब्यात भाकर बांधून दिली. गोविंदा त्यांच्याशी बोलत नव्हता. एकदा फक्त म्हणाला, “खुर्ची सरकवा, गाडी काढायची आहे.” त्यांनी सरकवली. शेडमध्ये पूर्वी गाड्यांची रांग लागायची. आता दोन बाइक आणि एक ऑटो उभा असायचा, आणि गोविंदा एकच पाना परत परत पुसत बसायचा.

एका सकाळी रस्त्यावर अनोळखी गाडी हळू झाली. काच खाली आली. आतला तरुण धम्मानंदांना म्हणाला, “काका, इंजिनात आवाज येऊन राहिला. हा मेकॅनिक कसा आहे?”

धम्मानंद ताडकन उठले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. घसा खाकरून, जुन्या मोठ्या आवाजात, एकही शब्द न गाळता ते सांगू लागले, “हे पाहा, याले मी चोर म्हणत होतो. साऱ्या मनीषनगरात सांगत फिरलो की यानं इंजिनात जुन्या रिंगा टाकल्या...”

काच वर गेली. गाडी पुढे निघून गेली.

“अहो, पुरं ऐका!” धम्मानंद तिच्यामागे चार पावलं धावले. मग थांबले.

गोविंदा पाना हातात घेऊन बाहेर आला होता. त्याने रिकामा रस्ता पाहिला, मग धम्मानंदांना पाहिलं. “काय सांगितलं त्याले?”

“जे झालं थे.”

“पुरं ऐकलं त्यानं?”

“नाही.”

गोविंदाच्या जबड्याची हाडं हलली. आता हा पाना फेकून मारतो की काय, असं धम्मानंदांना वाटलं, आणि त्याने मारला असता तर ते जागचे हललेही नसते. पण गोविंदा ओरडलाच फक्त, रस्त्यापलीकडच्या टपरीलाही ऐकू जाईल असा. “शेवट आधी सांगत जा ना, भाऊ! चांगला आहे म्हणा! मंग तुमाले काय सांगायचं थे सांगा!”

आणि तो आत गेला.

धम्मानंद परत खुर्चीवर बसले. “चांगला आहे,” ते स्वतःशी म्हणाले. शब्द तोंडाला नवा होता, नीट बसेना. त्यांनी तो पुन्हा म्हटला, जरा मोठ्याने. कोपऱ्यावरून एक गाडी वळताना दिसली तेव्हा त्यांनी सदरा खाली ओढला आणि उठून उभे राहिले.